बॅश -सी ला फाइली दिल्या की रोज एक पट्टी कमी भरते, कामून?

आडतलाईन_लातूर:

रामराम मंडळी. कमांड सगळ्या देवनागरीतच लिहायलो कारण मोबाईलवर मराठी कीबोर्ड आहे, टाकताना इंग्रजीत टाकायच्या एवढं समजून घ्या.

आमची लातूर मार्केट यार्डात आडत आहे, सोयाबीन आन तूर मुख्य. शेतकऱ्याच्या मालाचा काटा झाला, भाव निघाला, हमाली तोलाई वजा झाली की त्याची हिशेबपट्टी बनते, तिची एक टीएक्सटी फाइल ऑफिसच्या उबंटू (लिनक्स) मशीनवर पडते. संध्याकाळी त्या सगळ्या फाइली बॅकअप फोल्डरात जातात आन पुढं प्रिंट काढायचा काउंटर त्या बॅकअपवरूनच चालतो. ज्यानं हे बसवून दिलतं तो आता फोन उचलत नाही, म्हणून दोन महिन्यांपासून मीच बघायलो. शिकलेलो नाही, पण हळूहळू वाचून वाचून जमतंय.

अडचण अशी की रोज एक पट्टी बॅकअपात पोचतच नाही. काल ४३ होत्या, पोचल्या ४२. परवा ५८ होत्या, पोचल्या ५७. बरं कमी पडणारी पट्टी रोज वेगळ्याच नावाची असते, नावाच्या क्रमानं पहिली नाही, शेवटची पण नाही. एरर काहीच येत नाही. मला आधी वाटलं की फाइलीच्या नावात स्पेस आहे म्हणून असंल (आमच्याकडं "शिवाजी तूर लाल.टीएक्सटी" अशीच नावं असतात), पण स्पेसवाल्या बाकीच्या व्यवस्थित जायल्यात.

कमांड ही (फाइंड फाइली शोधतं, बॅश म्हणजे कमांड वाचून चालवणारं शेल, सीपी कॉपी करतं, आन शेवटच्या महिरपी कंसाच्या जागी सापडलेल्या फाइलींची नावं येतात):

फाइंड /पट्ट्या -नेम '*.टीएक्सटी' -एक्झेक बॅश -सी 'फॉर एफ इन "$@"; डू सीपी "$एफ" /बॅकअप/; डन' {} +

अजून एक गोष्ट दिसली. काल रात्री टेस्ट म्हणून फोल्डरात एकच फाइल ठेवून चालवलं तर ती एक पण गेली नाही. एरर नाही, काही नाही, गपचूप प्रॉम्प्ट परत आला.

हे मनाला लागलंय कारण मागच्या आठवड्यात औशाकडचे एक काका दोन चकरा मारून गेले, त्यांना कर्जाच्या कामाला पट्टी पाहिजे होती आन काउंटरवरचा पोरगा म्हणला तुमच्या नावाची पट्टीच नाही. माल त्यांनी घातला, पैसे त्यांना भेटले, आन कागद नाही म्हणजे काय. कुणाला माहिती असंल तर सांगा.

गोदाकाठ_नांदेड:

दादा, तुमचं एकच फाइलवालं टेस्टच उत्तर आहे, तिथंच सगळं दिसायलंय.

बॅश -सी च्या मागं जो पहिला शब्द येतो ती कमांड स्ट्रिंग, म्हणजे चालवायचा मजकूर. त्याच्या मागं जे येतं ते त्या मजकुराला दिलेले आर्ग्युमेंट. पण त्यातला पहिला आर्ग्युमेंट $१ मधे जात नाही, तो $० मधे जाऊन बसतो. दुसऱ्यापासून $१, $२ असं चालू होतं. आन "$@" म्हणजे सगळे आर्ग्युमेंट एकदम, पण त्यात $० कधीच येत नाही, तो $१ पासूनच मोजतो. म्हणजे फाइंडनं दिलेली पहिली फाइल रोज $० मधे जाऊन बसायली आन तुमचा फॉर लूप तिला बघतच नाही. एकच फाइल दिली तर "$@" रिकामा, लूप शून्य वेळा फिरतो, शून्य वेळा फिरला म्हणजे चूक नाही, म्हणून एरर पण नाही.

हे टर्मिनलवर करून बघा:

बॅश -सी 'एको "शून्य=$० एक=$१ दोन=$२"' सोयाबीन तूर हरभरा

येईल: शून्य=सोयाबीन एक=तूर दोन=हरभरा

रोज वेगळंच नाव का गायब होतं, तर फाइंड काही नावं लावून देत नाही, डिरेक्टरीत ज्या क्रमानं नोंदी भेटतात त्या क्रमानं देतो. आपल्याला एलएस (फाइलींची यादी दाखवणारी कमांड) मधे दिसणारा क्रम एलएसनं स्वतः लावलेला असतो. म्हणून तुम्हाला ते मधूनच कुठून तरी गेल्यासारखं वाटलं, खरं तर ती दरवेळेस पहिलीच होती.

इलाज म्हणजे {} च्या आधी एक शब्द घाला जो $० ची जागा धरंल:

फाइंड /पट्ट्या -नेम '*.टीएक्सटी' -एक्झेक बॅश -सी 'फॉर एफ इन "$@"; डू सीपी "$एफ" /बॅकअप/; डन' पट्टी-बॅकअप {} +

काही लोक तिथं नुसता अंडरस्कोर टाकतात, चालतो. पण मी नाव टाकायला सांगतो, कारण आतल्या शेलला एखादी एरर द्यायची असली तर ओळीच्या सुरुवातीला तो $० छापतो. अंडरस्कोर असंल तर "_: लाइन १: अमुक सापडलं नाही" असं येतं आन सहा महिन्यांनी कुणाला कळत नाही की हे कुठून आलं. "पट्टी-बॅकअप:" आलं की लगेच कळतं.

अजून एक, फाइली लई झाल्या की फाइंड त्यांचे गठ्ठे पाडून बॅशला दोन-तीन वेळा बोलावतो, तेव्हा प्रत्येक गठ्ठ्यातली पहिली गेली असती. तुमच्याकडं दिवसाला पन्नास-साठच आहेत म्हणून एकवरच निभावलं.

हिंगोलीचा_पोरगा:

एवढं कशाला, सरळ {} आतच टाका ना, $० चा प्रश्नच येत नाही. मी असंच वापरतो:

फाइंड /पट्ट्या -नेम '*.टीएक्सटी' -एक्झेक बॅश -सी 'सीपी "{}" /बॅकअप/' \;

चालतं मस्त, कॉलेजच्या प्रोजेक्टला केलतं.

गोदाकाठ_नांदेड:

भावा, चालतं हे खरं आहे, लिनक्सवरचा ग्नू फाइंड {} कुठंही भेटला की तिथं नाव चिकटवतो. पण कृपा करून हे सोड, कारण तू फाइलीचं नाव चालवायच्या मजकुरात मिसळायलास. बॅशला मग कळत नाही की ह्यातलं तू लिहिलेलं किती आन फाइलीचं नाव किती, त्याच्यासाठी सगळं कोडच. समज कुणी फाइलीला असं नाव दिलं:

तूर";आरएम -आरएफ *;".टीएक्सटी

लिनक्समधे फाइलीच्या नावात स्लॅश सोडून बहुतेक काहीही चालतं, अवतरण चिन्ह पण आन सेमीकोलन पण. हे नाव तुझ्या स्ट्रिंगमधे पडलं की "तूर" वर अवतरण बंद होतं, सेमीकोलन येतं, आन पुढचं आरएम (फाइली पुसणारी कमांड) ज्या फोल्डरात तू उभा आहेस तिथं चालतं. वाईट हेतू असलाच पाहिजे असं पण नाही, माझ्याकडं एका फाइलीच्या नावात १२" पाइप असं होतं, इंचाची खूण, त्या एका चिन्हानं अख्खी कमांड मोडली.

नाव $१ मधून आलं आन आत "$१" असं अवतरणात वापरलं तर बॅश त्याला फक्त माहिती म्हणून बघतो, परत वाचत नाही. म्हणून तो एक जास्तीचा शब्द घालायचा त्रास घ्यायचा. मजकूर एकीकडं, माहिती एकीकडं.

२०१४ च्या सप्टेंबरात बॅशमधलं शेलशॉक नावाचं भगदाड निघालं होतं ते आठवत असंल, तिथं पण जात हीच होती. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधे (प्रोग्रामला बाहेरून मिळणाऱ्या सेटिंगमधे) फंक्शनसारखा मजकूर ठेवून त्याच्या मागं कमांड चिकटवली की बॅश सुरू होतानाच ती चालवून टाकायचा. माहिती म्हणून आलेली गोष्ट कोड म्हणून वाचली गेली आन जगातल्या कितीतरी वेब सर्व्हरना रातोरात पॅच मारावे लागले.

आडतलाईन_लातूर:

दादा तुमचे लई उपकार. ४३ पैकी ४३ पोचल्या. एक फाइल ठेवून बघितली, ती पण गेली. दोन महिने मी सीपी ला दोष देत होतो.

आता पुढचं. रोज हातानं चालवायला नको म्हणून क्रॉनमधे (ठरल्या वेळी कमांड आपोआप चालवणारं) टाकलं, आन सोबत तारखेचं फोल्डर करायला लावलं, तर तिथं बंद पडलं. टर्मिनलवर हीच ओळ चालते. क्रॉनचा मेल आला त्यात लिहिलंय की अवतरण बंद झालेलं नाही, पण मी दहा वेळा मोजलं, बरोबर आहे. ओळ ही:

३० १९ * * * बॅश -सी 'डी=/बॅकअप/$(डेट +%एफ); एमकेडीर -पी "$डी"; सीपी /पट्ट्या/*.टीएक्सटी "$डी"/'

आन दुसरं म्हणजे उदगीरच्या दुकानातल्या मशीनवर एसएसएचनं (दुसऱ्या मशीनवर इथूनच कमांड चालवायचं साधन) जाऊन जुन्या पट्ट्या साफ करायच्यात, ते पण बॅश -सी नं करू का?

वाळूज_शिफ्ट:

आडतलाईन दादा, तुम्ही अवतरणं बरोबरच मोजलीत, पण क्रॉन ती ओळ शेलला द्यायच्या आधी स्वतः वाचतो आणि त्याच्या लेखी टक्केवारीच्या चिन्हाचा अर्थ वेगळा आहे. क्रॉनटॅबमध्ये (क्रॉनच्या ओळींची फाइल) पहिलं % आलं की कमांड तिथंच संपली, पुढचं सगळं त्या कमांडला स्टँडर्ड इनपुट (तिनं वाचायचा मजकूर) म्हणून जातं. म्हणजे शेलच्या हातात फक्त "...$(डेट +" एवढंच पडलं, अवतरण उघडं राहिलं, तो बरोबर तक्रार करतोय. % च्या आधी बॅकस्लॅश लावा, \% असं, किंवा मी तर म्हणेन की एवढी लांब ओळ क्रॉनटॅबमध्ये ठेवूच नका, पट्टी-बॅकअप नावाची स्क्रिप्ट फाइल करा, पहिल्या ओळीत बॅशचा पत्ता टाका, क्रॉनमध्ये फक्त तिचा पूर्ण पाथ द्या. आमच्याकडं वाळूजला कंपनीत रात्रपाळीचे सगळे जॉब असेच आहेत, एक ओळ एक स्क्रिप्ट, मग ती हातानं चालवून बघता येते.

दुसरं म्हणजे क्रॉन तुमची ओळ कशानं चालवतो, तर ठरलेलं /बिन/एसएच -सी. म्हणजे तुमच्या ओळीत आधी एसएच, त्याच्या आत बॅश, अशी दोन शेलं आहेत. आणि उबंटूत /बिन/एसएच म्हणजे बॅश नाही, डॅश नावाचं दुसरं शेल आहे, २००६ मधल्या ६.१० पासून. डॅशला दुहेरी चौकोनी कंस समजत नाही, "[[: नॉट फाउंड" म्हणून मेल येतो आणि माणूस म्हणतो टर्मिनलवर तर चालतं. टर्मिनलवर तुम्ही बॅशमध्ये बसलेले असता. क्रॉनमध्ये PATH (कमांड शोधायच्या फोल्डरांची यादी) पण छोटा असतो आणि बॅशआरसी (बॅशची सेटिंग फाइल) वाचली जात नाही, त्यामुळं तिच्यातले एलियास (कमांडची टोपणनावं) क्रॉनमध्ये नसतात, कमांडचा पूर्ण पाथ लिहा.

हे -सी चं प्रकरण फक्त आपण हातानं टाइप करतो तेवढंच नाही. सी भाषेतलं सिस्टिम फंक्शन आतून /बिन/एसएच -सी च चालवतं, पायथॉनच्या सबप्रोसेसमध्ये शेल चालू केला की तेच. १९७९ च्या युनिक्स व्हर्जन ७ मध्ये स्टीफन बोर्न यांचं शेल आलं त्यातही -सी होतं, आणि आज कुठलंही प्रोग्राम "एक ओळ चालवून दे" म्हणतं तेव्हा बहुतेक ह्याच दारातून जातं. म्हणून मी नवीन पोरांना एकच सवय लावते, कमांड लिहिली की बोट ठेवून मोजायचं, ही ओळ किती जण वाचणार आहेत आणि कोणत्या क्रमानं. प्रत्येक वाचणारं शेल अवतरणांचा एक थर काढून घेतं.

हे दोन चालवून बघा:

माल=तूर
बॅश -सी "एको $माल"
बॅश -सी 'एको $माल'

पहिल्यात तूर येतं, दुसऱ्यात रिकामी ओळ. दुहेरी अवतरणात बाहेरच्या शेलनंच $माल बदलून टाकलं, आतल्याला "एको तूर" एवढंच दिसलं. एकेरीत बाहेरच्यानं हात लावला नाही, आतल्यानं $माल शोधलं, त्याला कुणी दिलेलंच नाही, एक्सपोर्ट केलं असतं (आतल्या प्रोग्रामांना पण द्यायचं असं सांगितलं असतं) तर दिसलं असतं. आता माल='तूर; लाल' ठेवून पहिली ओळ परत चालवा. तूर छापून वर "लाल: कमांड नॉट फाउंड" येईल, म्हणजे तुमच्या मालाचं नाव कमांड म्हणून चालवायला घेतलं. नांदेडच्या दादांनी जे सांगितलं तेच हे. म्हणून स्ट्रिंग एकेरी अवतरणात, आणि बाहेरून काही द्यायचं असेल तर मागून आर्ग्युमेंट म्हणून:

बॅश -सी 'एको "$१"' दाखव "$माल"

आता उदगीरचं. इथं मात्र सावकाश वाचा, कारण ह्यात माझं नुकसान झालेलं आहे. तुम्ही असं लिहाल:

एसएसएच उदगीर बॅश -सी 'सीडी /जुने && आरएम *.टीएक्सटी'

दिसायला एकदम बरोबर. पण तुमच्या इथल्या शेलनं ती एकेरी अवतरणं काढून घेतली, आणि एसएसएच उरलेले सगळे शब्द मध्ये एकेक स्पेस टाकून एकच ओळ करून पलीकडं पाठवतो. पलीकडचं लॉगिन शेल ती ओळ परत पहिल्यापासून वाचतं, तेही -सी नंच. त्याला दिसतं:

बॅश -सी सीडी /जुने && आरएम *.टीएक्सटी

इथं बॅशची कमांड स्ट्रिंग आहे फक्त "सीडी". /जुने गेलं $० मध्ये. नुसतं सीडी म्हणजे होम डिरेक्टरी (त्या खात्याचं स्वतःचं फोल्डर), ते यशस्वी झालं आणि तो बॅश संपला. मग && च्या पुढचं आरएम चालवलं बाहेरच्या लॉगिन शेलनं, जे आधीपासून होम डिरेक्टरीतच उभं आहे. सात वर्षांपूर्वी माझ्या होममधल्या मशीन सेटिंगच्या सगळ्या टीएक्सटी गेल्या, ज्या तीन पाळ्यांच्या ऑपरेटरांनी हातानं भरलेल्या होत्या. कॉपी नव्हती. ते आकडे परत गोळा करायला लोकांना मशीनपाशी उभं राहावं लागलं, आणि कुणी मला एक शब्द बोललं नाही ह्याचंच जास्त वाईट वाटलं.

एसएसएचला बॅश -सी ची गरजच नाही, तो स्वतः पलीकडं शेलच चालवतो. सगळी ओळ एका अवतरणात द्या:

एसएसएच उदगीर 'सीडी /जुने && आरएम -- *.टीएक्सटी'

आणि पहिल्यांदा आरएम च्या जागी एलएस ठेवून चालवा, काय दिसतंय ते डोळ्यानं बघा, मगच बदला. नावं इथून पाठवायची असतील तर प्रिंटएफ '%क्यू ' नं ती अवतरणबंद करून घ्या, बॅशमध्ये ते आहे.

परभणी_रब्बी:

ताई, ह्याच्यातच माझं पण एक विचारतो. सुडो एको "..." > /ईटीसी/अमुक केलं की परवानगी नाही म्हणतो, सुडो (म्हणजे रूटचे, मशीनच्या मुख्य खात्याचे हक्क) असूनही. का बरं?

वाळूज_शिफ्ट:

कारण > हे चिन्ह तुमच्या शेलचं आहे, सुडोपर्यंत ते पोचतच नाही. फाइल उघडायला तुमचंच शेल जातं, तुमच्याच परवानगीनं, आणि रूट होऊन चालतो तो फक्त एको. सुडो एसएच -सी 'एको "..." > /ईटीसी/अमुक' करा, म्हणजे > आतल्या रूटवाल्या शेलकडं जाईल. फक्त ह्या स्ट्रिंगमध्ये पासवर्ड लिहू नका, चालू असेपर्यंत पीएस (चालू प्रोग्रामांची यादी) मध्ये अख्खी स्ट्रिंग त्या मशीनवरच्या कुणालाही दिसू शकते.

हिंगोलीचा_पोरगा:

गोदाकाठ दादा, तुमचं ते इंचाचं वाचून माझ्या प्रोजेक्टमधे एक फाइल तशी करून बघितली, खरंच मोडलं. सगळीकडं "$१" करून घेतलं. एक विचारायचं राहिलं, मी बॅश -सी एको नमस्कार केलं तर रिकामी ओळ येते, हे पण तेच का?

गोदाकाठ_नांदेड:

तेच. स्ट्रिंग फक्त "एको", नमस्कार $० मधे गेला. बॅश -सी 'एको नमस्कार' कर. आन -सी विसरून बॅश 'एको नमस्कार' केलं तर तो "एको नमस्कार" नावाची फाइल शोधायला जातो आन अशी फाइल नाही म्हणतो, एक्झिट कोड १२७. ते दिसलं की आधी -सी आहे का बघायचं. चांगलं केलंस करून बघितलंस ते.

आडतलाईन_लातूर:

ताई, तुमचं उदगीरवालं तीनदा वाचलं. मी अगदी तीच ओळ वहीत लिहून ठेवली होती, आज रात्री टाकणार होतो. तिथल्या होम फोल्डरात उधारीच्या खात्याच्या टीएक्सटी आहेत. आधी एलएस लावून बघितलं तर खरंच होमचीच यादी आली, अंगावर काटा आला. मग एका अवतरणात दिलं तर /जुने ची आली. अजून आरएम लावलेलं नाही, उद्या दिवसा लावतो, उदगीरचा माणूस समोर बसलेला असताना.

क्रॉनची स्क्रिप्ट केली, साडेसातला आपोआप चालली, मेल आला नाही, तारखेचं फोल्डर झालं.

आन /पट्ट्या मधल्या फाइली रोज रात्री ज्या साठवणीच्या फोल्डरात हलतात तिथं काहीच पुसलेलं नव्हतं, म्हणून तिथल्या दोन महिन्यांच्या सगळ्या फाइलींवर नवी कमांड सीपी -एन लावून चालवली, म्हणजे ज्या पोचलेल्या आहेत त्यांना हात नको. मागं राहिलेल्या ४७ पट्ट्या निघाल्या. यादी काढली, त्यात औशाकडच्या काकांचं नाव होतं, १२ क्विंटल सोयाबीन, तारीख काट्याच्या वहीशी जुळली. सकाळी त्यांना फोन केला, ते येतो म्हणले होते, पण मीच मोटरसायकलवर जाऊन प्रिंट हातात देऊन आलो. बाकी ४६ जणांना काउंटरवरचा पोरगा फोन लावायलाय.